एकाच गावातली दोन टपालं

आज थोडं जालन्याच्या जुन्या टपालाबद्दल आणि थोडं घरातल्या फायरवॉलबद्दल बोलायचं आहे. हे दोन पाहुणे एका पंगतीला कसे बसले ते हळूहळू कळेल. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, कम्प्युटर शिकवला नाही. पण बिघाड शोधणं हे मुळात अनुमानाचं काम आहे, आणि अनुमान हा आमच्या घरचाच विषय. म्हणून हे धाडस.

आपलं जालना १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होतं, हे या सभागृहात कुणाला सांगायला नको. ऑनलाइन ऐकणाऱ्यांत पुण्या-मुंबईची, परदेशातली मंडळी आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. संस्थानाचं नाणं वेगळं होतं, त्याला हाली सिक्का म्हणत. ब्रिटिशांचा रुपया म्हणजे कलदार. साधारण सात हाली रुपये दिले की सहा कलदार मिळायचे. संस्थानाची जकात वेगळी, त्या खात्याला करोडगिरी म्हणायचे. आणि संस्थानाचं टपालही वेगळं. निजामाची पोस्टाची तिकिटं १८६९ पासून निघत होती.

आता गंमत बघा. निजामाचं तिकीट फक्त संस्थानाच्या हद्दीत चालायचं. अंबडला, परभणीला, हैदराबादला पत्र टाकायचं तर ते तिकीट चालेल. पण पुण्याला, नाशिकला पत्र पाठवायचं तर ते तिकीट कुचकामी. त्यासाठी ब्रिटिश हिंदुस्थानच्या टपालाचं तिकीट हवं. संस्थानात छावण्या, रेल्वे स्टेशनं अशा ठिकाणी ब्रिटिश टपालाची ऑफिसं होती. जालना तर छावणीचंच गाव. हैदराबाद कॉंटिंजंटची पलटण इथं १९०३ पर्यंत होती. पगार निजामाच्या तिजोरीतून आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्याचा, असा तो प्रकार. जमीन एकाची, व्यवस्था दुसऱ्याची.

म्हणजे जमीन तीच, रस्ते तेच, पण त्या एकाच भूमीवर दोन टपालं एकमेकांत न मिसळता चालत होती. पत्र टाकणाऱ्यालाच आधी ठरवावं लागे, की हे पत्र आतलं का बाहेरचं? त्या एका निर्णयावर पुढचं सगळं अवलंबून. हा मुद्दा मनात ठेवा, पुढे याच्यावरच सगळी गाडी अडणार आहे.

जाता जाता ग्वाल्हेरचं सांगतो. शिंद्यांच्या ग्वाल्हेरनं १८८५ साली ब्रिटिश टपालाशी करार केला. तिथं ब्रिटिश हिंदुस्थानचंच तिकीट वापरायचं, त्याच्यावर ग्वाल्हेरचं नाव छापायचं. तिकीट मूळचंच, वर फक्त एक शिक्का. असा करार करणारी संस्थानं सहा होती. हैदराबाद त्यात नव्हतं.

आता कम्प्युटरकडे येतो. एका इमारतीतले कम्प्युटर तारेनं जोडायची इथरनेट नावाची पद्धत १९७३ च्या सुमारास अमेरिकेत झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत निघाली. कल्पना अगदी गावच्या पारासारखी. एकानं ओरडायचं, सगळ्यांनी ऐकायचं, ज्याच्यासाठी निरोप आहे त्यानं घ्यायचा. माणसं दहा-वीस असतात तोवर हे छान चालतं. हजार झाली की कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही. मग असे पार एकमेकांना जोडणारे पूल आले. पुलांनी जोडता जोडता गोल फेरा तयार झाला तर एकच निरोप त्या फेऱ्यात गरगर फिरत राहतो आणि सगळं बंद पाडतो. त्यावर रेडिया पर्लमन या बाईंनी १९८५ मध्ये उपाय काढला. फेरा तोडून त्याचं झाड करायचं, म्हणजे कुठूनही कुठं जायला वाट एकच. छान उपाय होता. पण एकाच झाडाच्या बुंध्यावर सगळ्यांचा भार यायला लागला. तेव्हा बेलकोर या संस्थेत डेव्हिड सिंकोस्की या संशोधकानं म्हटलं, एकाच जागी अनेक झाडं का असू नयेत? प्रत्येक निरोपावर एक खूण लावायची, की हा अमुक झाडाचा. तारा त्याच, पेट्या त्याच, पण खुणेप्रमाणे वाटा वेगळ्या.

हीच ती आभासी जाळी. आजची मुलं तिला व्हीलॅन म्हणतात. १९९८ मध्ये तिचं प्रमाण ठरलं. निरोपाच्या माथ्यावर चार बाइटची एक चिठ्ठी, तिच्यात बारा बिटांचा एक क्रमांक. बारा बिटांत ४०९६ आकडे बसतात, दोन राखीव, राहिले ४०९४. ग्वाल्हेरचं तिकीट आठवतंय? कागद मूळचाच, वर फक्त एक शिक्का. तसंच हे.

एक लक्षात घ्या, ही कल्पना सुरुवातीला सुरक्षेसाठी निघालीच नव्हती. ती गर्दी वाटून देण्यासाठी निघाली. भिंत म्हणून तिचा वापर नंतर सुरू झाला. इतिहासात असं फार वेळा होतं, वस्तू एका कामासाठी बनते आणि नांदते दुसऱ्याच घरी.

भिंतीची गरज कधी कळली? तारीख सांगता येते. २ नोव्हेंबर १९८८. कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानं स्वतःच पसरत जाणारा एक प्रोग्राम सोडला आणि त्या काळच्या इंटरनेटवरची हजारो यंत्रं आडवी झाली. तोपर्यंत सगळा कारभार विश्वासावर होता. त्यानंतर दाराशी कुणीतरी बसवावं हा विचार जोर धरू लागला. आपल्याकडे तेव्हा एर्नेट हे शिक्षणसंस्थांचं जाळं नुकतं उभं राहत होतं, १९८६ पासून. मुंबईत जुहूला एनसीएसटी ही संस्था त्यातलं एक मोठं ठाणं होती. सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. जालन्यात घरोघरी यायला आणखी बराच काळ जायचा होता.

आता मनमाड. मराठवाड्यातल्या जुन्या माणसाला मनमाड म्हटलं की आधी घाम आठवतो. हैदराबादहून नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद करत मनमाडला जाणारी निजामाची रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली. ती होती मीटरगेज, म्हणजे रुळांत अंतर १००० मिलिमीटर. आणि मनमाडहून मुंबईला जाणारी जी.आय.पी. रेल्वे ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटर. डबा काही पुढे जाणार नाही. माणसानं उतरायचं, वळकटी डोक्यावर घ्यायची, फलाट बदलायचा. कापसाच्या गाठी हमालांनी एका वाघिणीतून काढून दुसऱ्या वाघिणीत भरायच्या. रूळ बदलून मोठे झाले ते १९९० च्या दशकात. म्हणजे नव्वदेक वर्षं हा मालधक्का चालला.

पण मनमाडचा उपयोग काय होता, ते तत्त्व म्हणून बघा. दोन वेगळ्या जातीची जाळी आहेत, दोघांनीही आपलं अंतर्गत काही बदलायचं नाही, फक्त मध्ये एक ठिकाण असं असेल जिथं माल उतरवून पुन्हा भरला जाईल. व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ च्या आपल्या निबंधात इंटरनेटचा जो पाया घातला तो नेमका हाच. प्रत्येक जाळं आपल्या जागी तसंच राहू द्या, मध्ये एक गेटवे ठेवा. पॅकेट एका जाळ्याच्या वेष्टनातून काढायचं, दुसऱ्याच्या वेष्टनात घालायचं. पत्ता तोच, गाठ तीच, वाघीण बदलली.

आणि करोडगिरीचं काम वेगळं. १८०२ च्या व्यापारी तहाप्रमाणे ब्रिटिश मुलूख आणि निजामाचा मुलूख यांच्यातल्या मालावर शेकडा पाचाच्या आत कर घ्यायचा ठरलं होतं. तो हद्दीचा विषय. मनमाड तर पूर्ण ब्रिटिश मुलखात. रेल्वेनं निघालात तर नगरसोल ब्रिटिशांचं, पुढे रोटेगाव निजामाचं. हद्द त्या दोघांच्या मध्ये कुठंतरी. म्हणजे गाडी बदलायची एका जागी आणि हद्द ओलांडायची दुसऱ्या जागी. समजा, जालन्याच्या व्यापाऱ्याची गाठ मुंबईला पोचली नाही. तर ती मालधक्क्यावर पडून आहे का नाक्यावर अडवलीय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची चौकशी दोन वेगळ्या माणसांकडे करायची.

घरातल्या फायरवॉलची अडचण अशी, की मालधक्का आणि नाकं एकाच डबीत बसवलेत. एक जाळं दुसऱ्याशी जोडून देणं, म्हणजे राउटिंग, हे मनमाडचं काम. कुणाला जाऊ द्यायचं हे ठरवणं, ते करोडगिरीचं काम. दोन्ही एकाच पेटीत, एकाच पडद्यावर. त्यामुळे निरोप पोचला नाही की माणूस म्हणतो, "फायरवॉलचा प्रॉब्लेम आहे." अहो, पण कुठल्या खात्याचा?

हे सगळं मला आठवायचं कारण, या मालिकेच्या एका तरुण श्रोत्यानं पाठवलेला प्रश्न. जालन्यातलाच आहे, नाव सांगत नाही. घरी बसून व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितो, जीएसटीची कामं करतो. पन्नासेक दुकानदारांच्या वह्या त्याच्या कम्प्युटरात. याच घरात सीसीटीव्ही, याच घरात टीव्ही, पाहुण्यांचे मोबाईल. पोरगा शहाणा. त्यानं एक जुना कम्प्युटर घेऊन त्यावर फुकट मिळणारा फायरवॉल बसवला. अशा फायरवॉलचा एक वंशवृक्षच आहे. २००३ साली मानुएल कॅस्पर यांनी एम-झिरो-एन-झिरो-वॉल नावाचा छोटा प्रोग्राम काढला, २००४ मध्ये त्यातून पीएफसेन्स फुटला, २०१५ मध्ये त्यातून ओपीएनसेन्स. मठातून मठ निघावेत तसं.

त्यानं घराचे तीन भाग केले. हिशेबाचं जाळं, पत्ते १९२.१६८.१० ने सुरू होणारे. घरच्यांचं, १९२.१६८.२०. आणि कॅमेऱ्यांचं, १९२.१६८.३०. हे १९२.१६८ वाले पत्ते म्हणजे हाली सिक्काच बरं का. १९९६ मध्ये ठरवून ठेवलेले काही आकडे, कुणीही आपल्या घरात वापरावेत, बाहेर मात्र चालणार नाहीत. हद्दीवर बदलून कलदार घ्यावे लागतात. ती बदलाबदलही फायरवॉलच करतो.

अडचण अशी आली. हिशेबाच्या कम्प्युटरवरून इंटरनेट चालतं. कॅमेऱ्याचा रेकॉर्डर, पत्ता १९२.१६८.३०.५, त्याच्या समोर बसलं की चित्र दिसतं. पण हिशेबाच्या टेबलावरून रेकॉर्डर उघडत नाही. त्यानं एका जाणकाराला बोलावलं. त्या गृहस्थानं एक नियम घातला, तरी चालेना. मग सल्ला दिला, की हे वेगवेगळं काढून टाक, सगळं एकत्र कर, किंवा सगळ्यांना सगळीकडे मोकळीक देणारा एक नियम टाक. तरुणानं मला विचारलं, सर, भिंत पाडू का?

मला हा प्रश्न साधा वाटला नाही. त्या घरात त्याच्या एकट्याचं काही नाही, पन्नास लोकांचे हिशेब आहेत, त्यांनी विश्वासानं दिलेले. आणि कॅमेरे ही घरातली सर्वांत कच्ची वस्तू. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामनं जगभरातले असे कॅमेरे आणि रेकॉर्डर, कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदललेलाच नाही म्हणून, लाखांनी ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ ला त्यांच्या बळावर अमेरिकेतल्या डिन या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास अनेकांना उघडेनात. असा पाहुणा हिशेबाच्या खोलीशेजारी झोपवायचा आणि मधलं दारही काढून ठेवायचं? बिघाड सापडत नाही म्हणून भिंत पाडणं म्हणजे, मला तर आळस वाटतो. शब्द कडक आहे, पण असू द्या.

मी त्याला म्हटलं, आपण क्रमानं जाऊ. पॅकेट तुझ्या टेबलावरून निघतं. त्याचा हात धरून पाऊल पाऊल चाल. जिथं ते हरवतं तिथं थांब.

पहिलं पाऊल, तुझ्या कम्प्युटरला योग्य पत्ता मिळालाय का? मिळाला होता. दुसरं, तुझ्या जाळ्याचा गेटवे, १९२.१६८.१०.१, हाकेला ओ देतो का? म्हणजे पिंग करून बघ. देतो. म्हणजे स्विच, तार, व्हीलॅनच्या खुणा, निदान या बाजूच्या, ठीक. नाहीतर स्विचच्या एखाद्या पोर्टवर खूण लावायची राहून जाते आणि माणूस फायरवॉलच्या नियमांत महिनाभर डोकं घालून बसतो. तिसरं, रेकॉर्डरला हाक मारताना फायरवॉलच्या नोंदवहीत काय उमटतं? त्यानं बघितलं. तिथं स्वच्छ लिहिलेलं होतं: हिशेबाच्या बाजूनं आलेलं पॅकेट अडवलं.

आता तो जाणकारानं घातलेला नियम काय होता? कॅमेऱ्याच्या बाजूला नियम घातला होता, कॅमेऱ्यांकडून हिशेबाकडे सगळं जाऊ द्या. त्यांचा विचार असा असावा, की उत्तर तिकडून येणार, तर उत्तराला वाट हवी. हा विचार सरळ वाटतो, म्हणूनच फसवतो. या जातीच्या फायरवॉलमध्ये साधारण रिवाज असा, की पॅकेट ज्या दारानं आत शिरतं त्या दाराशी त्याची झडती होते. हिशेबाकडून निघालेलं पॅकेट हिशेबाच्या दारानं शिरणार. म्हणजे परवानगी तिथं हवी. आणि एकदा ते रीतसर आत आलं, की फायरवॉल त्याची नोंद ठेवतो आणि त्याच बोलण्याचं उत्तर आपोआप परत सोडतो. उत्तराला वेगळा परवाना लागत नाही. नव्वदच्या दशकात आलेली ही सुधारणा, नोंद ठेवणारा पहारेकरी.

मग त्या नियमानं केलं काय? काम तर केलं नाहीच. उलट, कॅमेऱ्यांना हिशेबाच्या कम्प्युटरशी आपणहून बोलायला दार उघडून दिलं. ज्या एका गोष्टीसाठी भिंत बांधली तीच गोष्ट त्या नियमानं मोडली होती, आणि ज्यासाठी घातला ते होतच नव्हतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. मी म्हटलं, बाबा, तो आधी काढ. हिशेबाच्या दाराशी नवा नियम घाल, फक्त रेकॉर्डरच्या पत्त्यासाठी. आणि तो वरती घाल, कारण नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिला लागू झाला की पुढचे बघत नाहीत.

त्यानं घातला. नोंदवहीतला अडथळा गेला. रेकॉर्डर तरीही उघडेना.

इथं बहुतेक लोक हात टेकतात. त्यांना वाटतं, दोष एकच असतो, तो काढला, तरी चालत नाही, म्हणजे आपला विचारच खोटा. पण एक दोष दुसऱ्याच्या आड उभा असू शकतो. नाकं मोकळं झालं म्हणून पुढचा मालधक्का चालू आहे असं सिद्ध होत नाही.

त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार मोलाची वाटली. फायरवॉलच्या आतूनच रेकॉर्डरला पिंग केलं तर उत्तर येतं. म्हणजे रेकॉर्डर जिवंत, तार ठीक. मग टेबलावरूनच का येत नाही?

आता माझ्या विषयात शिरतो, पाच मिनिटं सांभाळून घ्या. एखादी गोष्ट नाही, हे ज्ञान आपल्याला कशानं होतं? जमिनीवर घडा नाही, हे मी कशानं जाणतो? नैयायिक म्हणतात, हेही प्रत्यक्षच. कुमारिल भट्टांचे मीमांसक आणि त्यांच्यामागून अद्वैती म्हणतात, नाही, हे वेगळं प्रमाण आहे, त्याचं नाव अनुपलब्धी. न दिसणं हेच ज्ञानाचं साधन. पण लगेच शंका येते. अंधाऱ्या खोलीत घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही असं म्हणायचं का? परंपरेनं त्याला अट घातली: ती अनुपलब्धी योग्य हवी. म्हणजे, घडा असता तर या परिस्थितीत तो दिसलाच असता, अशी खात्री असेल तरच न दिसण्याला किंमत. भूत दिसत नाही म्हणून भूत नाही असं या प्रमाणानं सिद्ध होत नाही, कारण ते दिसण्याजोगं आहे असं कुणी म्हणतच नाही. घड्याचं तसं नाही.

जाळ्यातला बिघाड शोधणं म्हणजे निम्म्याहून जास्त अनुपलब्धीच. "उत्तर आलं नाही." कुठं आलं नाही? टेबलावर आलं नाही. ठीक, पण टेबलापाशी न आलेलं उत्तर रेकॉर्डरनं दिलंच नसेल, किंवा दिलं आणि वाटेत फायरवॉलनं गिळलं असेल. टेबलावरून हे दोन्ही सारखेच दिसतात. तिथली अनुपलब्धी अयोग्य. तेव्हा बघणारा डोळा योग्य जागी न्यायला हवा. या फायरवॉलमध्ये सोय असते, कुठल्याही दाराशी बसून येणारी-जाणारी प्रत्येक गोष्ट टिपून घ्यायची. मी म्हटलं, कॅमेऱ्याच्या बाजूच्या दाराशी बस.

आधी डोळा तपासला. फायरवॉलवरूनच रेकॉर्डरला पिंग केलं आणि टिपणात हाक आणि उत्तर दोन्ही उमटतात का ते पाहिलं. उमटले. म्हणजे या जागी उत्तर आलं तर ते दिसतं, अट पुरी झाली. मग टेबलावरून पिंग केलं. टिपणात हाक रेकॉर्डरकडे जाताना दिसली. एक, दोन, तीन, चार. उत्तर एकही नाही.

आता निष्कर्ष काढायला हरकत नाही. मनमाडनं माल पलीकडे चढवला. नाक्यानं सोडला. गाठ रेकॉर्डरच्या दारात पोचली. रेकॉर्डरच उत्तर पाठवत नाही. फायरवॉल निर्दोष.

पण फायरवॉलला उत्तर देणारा रेकॉर्डर टेबलाला का देत नाही? फरक एकच: हाक मारणाऱ्याचा पत्ता. फायरवॉलनं हाक मारली ती १९२.१६८.३०.१ या पत्त्यावरून, रेकॉर्डरच्याच गल्लीतून. टेबलाची हाक १९२.१६८.१० मधून, परगावाहून. याची खात्री करायला आणखी एक प्रयोग करता येतो. फायरवॉलवरून पिंग करताना स्वतःचा १० वाला पत्ता पाठवणारा म्हणून निवडायचा. निवडला. उत्तर नाही. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही जुळले.

आता ते टपाल आठवा. जालन्यातल्या माणसाला पुण्याहून पत्र आलं. ब्रिटिश टपालानं आणून दिलं. माणसानं वाचलं, उत्तर लिहिलं. पण त्याच्याजवळ फक्त निजामाचं तिकीट, आणि बाहेरचं टपाल ऑफिस कुठं आहे ते त्याला माहीतच नाही. शेजारच्या गल्लीतल्या पत्राला तो झटकन उत्तर देईल. पुण्याचं उत्तर लिहून खिशातच राहील. प्रत्येक यंत्र उत्तर पाठवण्याआधी हाच निर्णय करतं. पलीकडचा पत्ता माझ्या जाळ्यातला आहे का? असला तर थेट देतो. नसला तर गेटवेकडे देतो. आणि गेटवे कोण, हे यंत्राला कुणीतरी सांगून ठेवलेलं असावं लागतं.

तरुणानं रेकॉर्डरचं पान उघडलं. गेटवेच्या रकान्यात होतं १९२.१६८.१.१. जुन्या राउटरचा पत्ता, तो राउटर केव्हाच भंगारात गेलेला. घराचे भाग करताना रेकॉर्डरचा स्वतःचा पत्ता बदलला, हा रकाना तसाच राहिला. तिथं १९२.१६८.३०.१ लिहिलं आणि टेबलावर चित्र आलं.

काही स्वस्त उपकरणांत गेटवेचा रकानाच नसतो. तिथं फायरवॉलला सांगावं लागतं, की पलीकडे जाताना पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून स्वतःचा लाव. रेकॉर्डरला वाटतं, हाक गल्लीतूनच आली. चालतं, पण नाइलाज असेल तरच करावं, कारण मग रेकॉर्डरच्या नोंदीत खरं कोण आलं होतं ते कधीच कळत नाही.

वेळ झाली, दोन प्रश्न घेतो.

ताईंचा प्रश्न चांगला आहे. त्या विचारतात, नियम बरोबर, गेटवे बरोबर, तरी मोबाईलवर दुसऱ्या जाळ्यातला टीव्ही किंवा प्रिंटर यादीत येत नाही, तो का? कारण ती यादी हाक मारून बनते, आणि ती हाक पारावरची असते, आपल्याच जाळ्यापुरती. राउटर ती पलीकडे नेतच नाही, नेऊ नये अशीच तिची रचना आहे. प्रिंटरचा पत्ता हातानं घातला तर छपाई होईल. टीव्हीसाठी फायरवॉलमध्ये ती हाक पलीकडे पोचवणारा वेगळा मदतनीस बसवता येतो. म्हणजे "दिसत नाही" आणि "पोचत नाही" या दोन तक्रारी वेगळ्या.

आणि मागून विचारतायत, गेटवे दिल्यावर कॅमेरे आता इंटरनेटवर जायला मोकळे झाले ना? बरोबर पकडलंत. इतके दिवस त्या चुकीच्या रकान्यामुळेच रेकॉर्डर बाहेर जाऊ शकत नव्हता, अपघातानं सुरक्षित होता. आता ते काम नियमांनी करायचं. या फायरवॉलमध्ये नव्या दाराशी एकही नियम नसेल तर सगळं बंद, आणि कॅमेऱ्यांच्या दाराशी आम्ही तसंच ठेवलं. फक्त एक अपवाद. रेकॉर्डरचं घड्याळ. ते कुठूनतरी वेळ विचारत राहिलं नाही तर पुढे-मागे व्हायला लागतं, आणि उद्या चोरी झाली तर पोलिसांना दाखवलेल्या चित्रावर वेळ चुकीची. म्हणून तेवढं एकच दार: कॅमेऱ्यांनी खुद्द फायरवॉललाच वेळ विचारायची, यूडीपी, पोर्ट १२३. बाहेरगावाहून मोबाईलवर कॅमेरे बघायचे असतील तर आधी व्हीपीएननं घरी यायचं, मग बघायचं. त्यानं गेल्या आठवड्यात तेही बसवलं.